टेनिसनचं ‘इन मेमोरियम’ अभ्यासाला घेताय? पहिल्या सहा महिन्यांचा वाटाड्या

एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.ची तयारी सुरू झाली की कुणीतरी सांगतंच, “व्हिक्टोरियन कवी घ्या, साहित्य भरपूर मिळतं.” भरपूर मिळतं हे खरं आहे, आणि नवख्याची अडचणही तीच असते. आल्फ्रेड टेनिसनवर त्याच्या हयातीपासून आजपर्यंत लिहिलं जातंय. ग्रंथालयातल्या कपाटापुढे उभं राहिलं की कुठलं पुस्तक आधी काढावं हेच कळत नाही.

मी मराठी माध्यमातून शिकले, तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. केलं आणि पुढे ‘इन मेमोरियम’ या टेनिसनच्या दीर्घ शोककवितेवर प्रबंध लिहिला. पहिले चार महिने मी फक्त समीक्षा वाचत होते. वह्या भरल्या, पण कवितेतली एक ओळही धड पाठ नव्हती. माझं पहिलं प्रकरण परत आलं तेव्हा समासात ठिकठिकाणी एकच प्रश्न लाल शाईत होता: “कोणत्या साली?” त्या प्रश्नानं मला अभ्यास कसा करायचा ते शिकवलं. ओळ कोणत्या साली लिहिली, आवृत्ती कोणत्या सालची, समीक्षक कोणत्या साली बोलतोय, हे प्रत्येक पायरीवर विचारत गेलात तर पुढचा बराचसा गोंधळ टळेल.

आधी एवढं जवळ ठेवा

- कवितेची विश्वासार्ह, टीपांसह छापलेली प्रत (कोणती ते पायरी २ मध्ये)
- त्याच कवितेची एक स्वस्त प्रत किंवा झेरॉक्स, बिनधास्त पेन्सिल चालवायला
- मोठा इंग्रजी शब्दकोश; जुने अर्थ देणारा ऑक्सफर्डचा असेल तर उत्तम
- बायबलची इंग्रजी प्रत, किंग जेम्सच्या नावानं ओळखली जाणारी
- दोन वह्या: एक कवितेसाठी, एक समीक्षेसाठी. एकत्र करू नका, कारण पायरी ६ मध्ये आहे.

पायरी १: आधी कविता, आणि तीही मोठ्यानं

थोडी पार्श्वभूमी. आर्थर हेन्री हॅलम हा टेनिसनचा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला जिवलग मित्र. टेनिसनच्या बहिणीशी, एमिलीशी, त्याचं लग्न ठरलेलं होतं. १५ सप्टेंबर १८३३ला व्हिएन्नात, वडिलांबरोबर प्रवासात असताना, तो मेंदूतल्या रक्तस्रावानं अचानक गेला. वय २२. टेनिसन तेव्हा २४ वर्षांचा होता. त्या दुःखातून सुटे सुटे तुकडे लिहिले जात राहिले आणि १८५०मध्ये, म्हणजे तब्बल १७ वर्षांनी, कवीचं नाव न घालता पुस्तक निघालं. आज आपण वाचतो त्यात १३१ भाग, सुरुवातीला एक प्रस्तावना आणि शेवटी एक विवाहगीत आहे.

जवळजवळ तीन हजार ओळी पाहून दडपण येतं. रोज पाच भाग वाचा, सत्तावीस दिवसांत कविता संपते. या सत्तावीस दिवसांत समीक्षेचं एकही पुस्तक उघडू नका.

वाचायचं मात्र मोठ्यानं. प्रत्येक कडवं चार ओळींचं. पहिली ओळ चौथीशी यमक जुळवते, दुसरी तिसरीशी. मराठी कानाला हे लगेच जाणवतं, कारण आपल्याला ओवीची सवय असते. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकानं बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा सुटतो. पसायदान म्हणून बघा, चौथ्या चरणाला श्वास मोकळा होतो. टेनिसनचं कडवं याच्या अगदी उलट वागतं. मधल्या दोन ओळी पुढे गेल्यासारख्या वाटतात आणि चौथी ओळ तुम्हाला पहिलीच्या आवाजाकडे परत ओढते. दुःखात माणूस दोन पावलं पुढे जातो आणि फिरून तिथंच येतो, तशी ही चाल आहे. समीक्षकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण आधी तुमच्या कानानं ती ओळखायला हवी. हा छंद आपणच घडवला असं टेनिसनला वाटत होतं. बेन जॉन्सन आणि लॉर्ड हर्बर्ट यांनी तो सतराव्या शतकातच वापरला होता, हे त्याला नंतर समजलं. तेव्हा प्रबंधात “टेनिसननं शोधलेला छंद” असं लिहू नका.

पायरी २: प्रत पारखून घ्या

पाठभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण शाळेतच ऐकलेलं असतं. पण इंग्रजी कविता हातात आली की आपण छापलेलं सगळं अंतिम मानतो. टेनिसनच्या बाबतीत ते महागात पडतं, कारण हा कवी छापून झाल्यावरही हात फिरवत राहायचा.

सगळ्यात मोठा सापळा भागांच्या क्रमांकांचा आहे. १८५०च्या पहिल्या आवृत्तीत १२९ भाग होते. १८५१च्या चौथ्या आवृत्तीत एक भाग वाढला, तो आजचा ५९वा. १८७०मध्ये आणखी एक आला, तो आजचा ३९वा. त्यामुळे १८५०च्या दशकातल्या परीक्षणात छापलेला क्रमांक तुमच्या पुस्तकात जुळत नाही. तुमच्या पुस्तकात ९५ असलेला भाग पहिल्या आवृत्तीत ९३ होता. जुनं परीक्षण वाचताना क्रमांकावर विसंबू नका, त्या भागाची पहिली ओळ शोधा.

दुसरा सापळा शब्दांचा. ९५वा भाग कवितेचा कणा मानला जातो. रात्री हिरवळीवर एकटा बसून कवी मेलेल्या मित्राची पत्रं वाचतो आणि एका क्षणी त्याला त्या आत्म्याचा स्पर्श झाल्यासारखं वाटतं. आज आपण तिथं ‘द लिव्हिंग सोल’ वाचतो, म्हणजे ‘तो जिवंत आत्मा’. १८५०मध्ये छापलं होतं ‘हिज लिव्हिंग सोल’, म्हणजे ‘त्याचा’, मित्राचा. पहिल्या पाठामुळे चुकीचा समज होईल अशी शंका कवीला नंतर वाटू लागली आणि त्यानं शब्द बदलला. एका सर्वनामानं अनुभव मित्राकडून ईश्वराकडे सरकतो. हा बदल माहीत नसताना या भागावर लिहिणं म्हणजे अर्धी कविता वाचून मत देणं.

म्हणून प्रत कोणती? ख्रिस्तोफर रिक्स यांनी संपादित केलेलं ‘द पोएम्स ऑफ टेनिसन’ हा आजचा पाया आहे. पण त्याच्याही दोन आवृत्त्या आहेत, १९६९ची एका खंडातली आणि १९८७ची तीन खंडांतली. तुम्हाला १९८७ची हवी. ट्रिनिटी कॉलेजकडच्या हस्तलिखितांतून उतरवून घ्यायला किंवा उद्धृत करायला कवीच्या मुलानं घातलेल्या अटींमुळे बंदी होती. ती १९६९मध्ये उठली, त्यामुळे त्या हस्तलिखितांतले पाठ दुसऱ्या आवृत्तीतच आले. फक्त ‘इन मेमोरियम’च हवं असेल तर सुझन शॅटो आणि मॅरियन शॉ यांची १९८२ची प्रत पाहा, कोणता भाग कुठल्या हस्तलिखितात आहे, हे तिच्यात नीट कळतं. या महाग आहेत, विकत घ्यायची गरज नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून हव्या त्या भागांच्या टीपा उतरवून घ्या. रोजच्या वापराला एरिक ग्रे यांनी संपादित केलेली नॉर्टन प्रत पुरते, आणि तिच्यात निवडक समीक्षाही आहे.

हस्तलिखितांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ही कविता ज्या वहीत होती ती खाटकाच्या हिशेबाच्या वहीसारखी लांबट, अरुंद होती. टेनिसन ती लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत विसरून आला आणि कॉव्हेन्ट्री पॅटमोर या मित्रकवीनं जाऊन ती परत मिळवली. आज ती वही इंग्लंडमधल्या लिंकन शहरात, टेनिसन संशोधन केंद्रात आहे. त्या निमुळत्या पानाचा विचार करत आखूड ओळींची ती कडवी वाचा, कविता वेगळी दिसू लागते.

पायरी ३: सालांची पट्टी काढा

ड्रॉइंगच्या कागदावर एक आडवी रेघ मारा आणि तीवर एवढं लिहा: १८०९ जन्म, लिंकनशरमधलं सॉमर्सबी. १८३० ते ३३ चार्ल्स लायेलचं भूगर्भशास्त्रावरचं पुस्तक. १८३३ हॅलमचा मृत्यू. १८४४ ‘व्हेस्टिजेस’ हे सृष्टीच्या क्रमविकासावरचं निनावी पुस्तक, जे रॉबर्ट चेंबर्सचं निघालं. १८५० कविता प्रसिद्ध, जूनमध्ये लग्न, नोव्हेंबरमध्ये राजकवी. १८५९ डार्विनचं ‘ओरिजिन’. १८९२ मृत्यू.

आता पट्टीकडे बघा. डार्विनचं पुस्तक कवितेनंतर नऊ वर्षांनी आलं. तरीही दरवर्षी कितीतरी विद्यार्थी लिहितात की ‘इन मेमोरियम’वर डार्विनचा प्रभाव आहे. मीही लिहिलं होतं, आणि लाल शाईतला पहिला प्रश्न त्याच वाक्याला होता. ५६व्या भागातली दात आणि नखं रक्तानं माखलेल्या निसर्गाची ओळ पुढे डार्विनच्या संदर्भात इतकी वापरली गेली की ती त्याच्यानंतरची वाटते. प्रत्यक्षात टेनिसन १८३७च्या सुमारास लायेल वाचत होता. कड्यांच्या थरांत नामशेष झालेल्या जातींची हाडं सापडतात, निसर्गाला एकेका जिवाचीच काय, अख्ख्या जातीचीही पर्वा नाही, हा धक्का त्याला खडकांतून बसला होता. ५५ आणि ५६ हे दोन भाग सलग वाचा. ५५मध्ये कवी म्हणतो, निसर्ग निदान जातीची तरी काळजी घेतो. ५६मध्ये निसर्ग उत्तर देतो, नाही, हजारो जाती गेल्या, मला कशाचीच पर्वा नाही. दोन भागांमधल्या कोऱ्या जागेत त्याचा आधार जातो. ‘डार्विन’ हा शब्द घातला की नेमकी ही घालमेल झाकली जाते.

पट्टीवर आणखी एक गोष्ट नोंदवा. भागांचा क्रम हा लिहिण्याचा क्रम नाही. मृतदेह घेऊन येणाऱ्या जहाजाला उद्देशून असलेला नववा भाग हा अगदी आधी लिहिलेल्यांपैकी आहे. कवितेत तीन नाताळ येतात, २८, ७८ आणि १०४व्या भागापासून, आणि त्यामुळे सगळं तीन वर्षांत घडल्यासारखं वाटतं. ही मांडणी नंतरची आहे. तेव्हा “या टप्प्यावर कवीचं दुःख ओसरू लागतं” असं लिहिताना कवितेतला टप्पा म्हणताय की कवीच्या आयुष्यातला, हे स्पष्ट करा.

पायरी ४: एका भागावर मुक्काम करा

हीच पायरी विद्यार्थी टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा. सातवा भाग घ्या. फक्त बारा ओळी. कवी पहाटे लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर, हॅलमच्या घरासमोर उभा आहे. झोप येत नाही. ज्या दाराशी मित्राच्या हाताची वाट बघताना छाती धडधडायची, तेच दार. तो हात आता कधीच हातात येणार नाही.

आता ओळीओळीनं थांबा. तो दारापाशी ‘गिल्टी थिंग’सारखा, अपराधी वस्तूसारखा सरपटत येतो. हे शब्द शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले, पहाटे कोंबडा आरवल्यावर दचकणाऱ्या भुताबद्दलचे. म्हणजे मेला आहे मित्र आणि भूत झालाय जिवंत राहिलेला. पुढचं कडवं ‘ही इज नॉट हिअर’ या शब्दांनी उघडतं. बायबल उघडा, लूक, अध्याय २४. रिकाम्या थडग्यापाशी देवदूत नेमकं हेच म्हणतात, आणि पुढे म्हणतात की तो उठला आहे. टेनिसन पहिलं अर्धं घेतो आणि पुढे लिहितो ‘बट फार अवे’. ओळ तिथं संपते. क्षणभर वाटतं, मित्र इथं नाही पण दूर कुठंतरी आहे. पुढची ओळ ती आशा काढून घेते, दूर आहे तो फक्त जागा होणाऱ्या शहराचा गोंगाट.

शेवटची ओळ मोठ्यानं म्हणा: ‘ऑन द बॉल्ड स्ट्रीट ब्रेक्स द ब्लँक डे’. तीन वेळा ओठ मिटतात आणि फुटतात. ‘ब्रेक्स’ हे पहाट फुटण्याचंही क्रियापद आणि मोडण्याचंही. लय इथं अडखळते, बोलणाऱ्याला सरळ पुढे जाता येत नाही.

यानंतर ११९वा भाग शेजारी ठेवा. तीच गल्ली, तीच पहाट, तेच दार, तेवढ्याच बारा ओळी. पण सातव्याच्या सुरुवातीचं ‘डार्क हाउस’ गेलं, इथं सुरुवात थेट दारांपासून होते. रस्त्यात गवताचा वास आहे, पाखरांची किलबिल आहे, काळ्या दर्शनी भिंतींच्या मधून फिक्या निळ्या पहाटेची चिंचोळी वाट दिसते. आणि शेवटच्या ओळीत तो हात येतो. मनातल्या मनातच, पण त्याचा दाब जाणवतो. मधे एकशे अकरा भाग गेलेत. मी हे दोन भाग समोरासमोर चिकटवून दोन आठवडे भिंतीवर लावले होते. प्रबंधाचं माझं तिसरं प्रकरण त्या भिंतीवरून आलं.

तुम्हीही अशी एक जोडी शोधा. येव या इंग्लंडमधल्या कबरस्तानांत दिसणाऱ्या सदाहरित वृक्षाचे दोन भाग आहेत (२ आणि ३९), नाताळचे आहेत, लांब रस्त्याचा आवाज १२३व्या भागात पुन्हा येतो. जोडी तुमची तुम्ही शोधलेली असेल तर पुढचं काम हलकं होतं.

पायरी ५: कवी आणि कवितेतला ‘मी’ यांत अंतर ठेवा

१८व्या भागात मित्र इंग्लंडच्या मातीत विसावतो, त्याच्या राखेतून मायदेशाची व्हायोलेट फुलं उगवतील असं कवी म्हणतो. प्रत्यक्षात हॅलमला इंग्लंडमधल्या क्लीव्हडन गावच्या चर्चमधल्या घराण्याच्या तळघरात ठेवलं, मातीत नाही. टेनिसन दफनाच्या वेळी तिथं नव्हता, आणि क्लीव्हडन त्यानं पाहिलं ते कितीतरी वर्षांनी. ६७व्या भागात त्यानं स्मृतिशिला चर्चच्या वेदीजवळच्या भागात कल्पिली होती. ती तिथं नाही असं कळल्यावर ओळ बदलून ‘डार्क चर्च’ केली. हे सगळं “कवीची चूक” म्हणून नोंदवू नका. न पाहिलेल्या थडग्याला तो जवळ आणतोय, आणि तुमचा विषय तिथंच आहे.

मराठी वाचकाच्या लगेच लक्षात राहील असा दाखला देते. १८४२च्या ‘लॉक्सली हॉल’मध्ये निवेदक सांगतो की त्याचे वडील पूर्वेकडे एका ‘वाइल्ड मराठा बॅटल’मध्ये पडले आणि तो पोरका झाला. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. लिंकनशरच्या कवीच्या ओळीत आपली लढाई! पण टेनिसनचे वडील सॉमर्सबीचे धर्मगुरू होते आणि १८३१मध्ये घरीच वारले. म्हणजे तो ‘मी’ टेनिसन नाही. ‘इन मेमोरियम’मध्ये हे अंतर बारीक आहे, पण आहे. हा ‘मी’ म्हणजे नेहमी मीच नाही, कधी माझ्यातून मानवजातच बोलते, अशा अर्थाचं टेनिसननंही सांगून ठेवलंय.

चरित्राची साधनं वापरताना त्यांचंही साल विचारा. मुलगा हॅलम टेनिसन यानं १८९७मध्ये दोन खंडांत लिहिलेलं ‘मेम्वार’ इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं आणि त्याशिवाय काम होत नाही. पण ते घरच्यांनी जपलेलं चित्र आहे. टेनिसननं आर्थरला लिहिलेली पत्रं आर्थरच्या वडिलांनी नष्ट केली, त्यामुळे या मैत्रीची एक बाजू कायमची गेली. म्हणून पत्रं वाचताना लँग आणि शॅनन यांनी संपादित केलेले टेनिसनच्या पत्रांचे तीन खंड आणि जॅक कोल्ब यांनी संपादित केलेली हॅलमची पत्रं जोडीनं वाचा.

पायरी ६: आता समीक्षक, आणि तेही सालवारीनं

इथवर येईस्तो कवितेची वही भरलेली असेल. आता दुसरी उघडा. वेगळी का, तर पुढे लिहिताना कोणता विचार तुमचा आणि कोणता वाचलेला, हे वहीवरूनच कळावं.

समकालीन परीक्षणांसाठी जॉन जंप यांनी संकलित केलेला ‘क्रिटिकल हेरिटेज’ मालिकेतला १९६७चा खंड घ्या. तिथं कौतुक आहे तसंच ‘टाइम्स’मधलं १८५१चं नाराज परीक्षणही आहे, ज्याला मित्रासाठी वापरलेली प्रेमाची भाषा खटकली होती. ते नीट वाचून ठेवा, आज चाललेल्या वादाचं मूळ तिथं आहे.

ए. सी. ब्रॅडली यांचं १९०१चं भाष्य अजूनही उपयोगी आहे. भागवार अर्थ लावताना अडलात तर तिथं जा, भाषा सोपी आहे. पुढची पिढी टेनिसनवर रुष्ट होती. हॅरल्ड निकल्सन यांनी १९२३मध्ये त्याचे दोन तुकडे केले, आतून घाबरलेला भावकवी चांगला आणि राजदरबारचा उपदेशक कवी टाकाऊ. हा विचार मोहात पाडतो, पण तो पहिल्या महायुद्धानंतरचा आहे, हे विसरू नका. टी. एस. एलियटनं १९३६मध्ये म्हटलं की ही कविता धार्मिक आहे ती तिच्यातल्या श्रद्धेच्या नाही, संशयाच्या गुणवत्तेमुळे. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतं. तुम्ही वापरणार असाल तर आधी ९६वा भाग वाचा, प्रामाणिक संशयाबद्दल टेनिसन स्वतः तिथं बोललाय, आणि मग एलियटशी सहमत आहात का ते लिहा.

१९७०नंतर चित्र पालटतं. रिक्स यांचं १९७२चं पुस्तक शब्दाशब्दाकडे लक्ष द्यायला शिकवतं. ॲलन सिनफील्ड हे तर स्वतःशीच वाद घालतात, १९७१मध्ये कवितेच्या भाषेवर बारकाईनं लिहिणारा हाच माणूस १९८६मध्ये ती सत्तेच्या आणि लैंगिकतेच्या अंगानं वाचतो. हर्बर्ट टकर (१९८८) आणि इझोबेल आर्मस्ट्राँग (१९९३) जड आहेत, पहिल्या सहा महिन्यांत एखादंच प्रकरण घ्या. ख्रिस्तोफर क्राफ्ट यांचा १९८८चा निबंध पुरुषांमधल्या ओढीच्या भाषेवर आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर विद्यार्थी घाबरतात. कुणी तो टाळतं, कुणी एका वाक्यात निकाल देऊन टाकतं. दोन्ही नको. कवितेत कवी स्वतःला विधुराच्या जागी ठेवतो (भाग १३), मित्राचा हात, ओठ, डोळे आठवतो. हे शब्द तिथं आहेत, ते मांडा. १८३०च्या दशकातल्या तरुणांच्या मैत्रीची भाषा कशी होती ते हॅलमच्या पत्रांवरून दाखवा. मग १८५१चं ‘टाइम्स’ आणि १९८८चे क्राफ्ट त्याच शब्दांकडे कसे पाहतात ते सांगा. एवढं केलंत तर लाजायचं किंवा घोषणा द्यायचं कारण उरत नाही.

पायरी ७: विषय अरुंद करा, आराखडा लिहा

“टेनिसनच्या काव्यातील दुःख” हा विषय होत नाही. “‘इन मेमोरियम’मधील हाताची प्रतिमा: भाग ७ ते ११९” हा होतो. विषयात प्रश्न हवा, आणि त्याचं उत्तर तुम्हाला अजून पूर्ण माहीत नसावं. आराखडा समितीपुढे ठेवण्यापूर्वी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, तुमचे मुख्य शब्द टाकून आधीचे प्रबंध पाहा. तोच विषय सापडला तर घाबरू नका, साल बघा, त्यांनी कोणती आवृत्ती वापरली ते बघा. कितीदा तरी तिथंच तुमची जागा दिसते.

मराठीतल्या विलापिकेशी तुलना करायचा मोह होईल. करू शकता, पण दोन्हीकडे तेवढंच खोल गेलात तरच. शेवटच्या प्रकरणात दोन पानांची तुलना जोडून देणं दोन्ही कवितांवर अन्याय आहे.

पायरी ८: टिपणं, संदर्भ, साम्य

थोडक्यात सांगते, कारण हे प्रत्येक विद्यापीठ वेगळं मागतं. कवितेचा संदर्भ देताना पान क्रमांक नको, भाग आणि ओळ द्या, उदाहरणार्थ ५६.१५. पान प्रत्येक प्रतीत बदलतं. कॉलेज एन-लिस्टचं सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या, बरीच नियतकालिकं तिथं मिळतात. ‘व्हिक्टोरियन पोएट्री’ आणि ‘टेनिसन रिसर्च बुलेटिन’ ही दोन नावं शोधात ठेवा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण त्या आकड्याला लक्ष्य मानू नका. वहीत उतारा घेतानाच अवतरणचिन्ह आणि पान लिहिलंत तर तो प्रश्न उरत नाही.

एआयला विचारून संदर्भयादी बनवू नका. खऱ्या समीक्षकाच्या नावावर न लिहिलेला लेख, खऱ्या नियतकालिकाचा खोटा अंक, असं तिथं हमखास येतं. जो लेख तुम्ही उघडून पाहिला नाही तो यादीत नको.

तोंडी परीक्षेला कवितेची तुमची पेन्सिलीनं भरलेली प्रत घेऊन जा. परीक्षक बहुधा प्रबंध बाजूला ठेवतात आणि एखादा भाग काढून वाचायला सांगतात. माझ्या वेळी ३९वा निघाला होता, येव वृक्षाचा. वाचून झाल्यावर विचारलं, “हॅलम गेल्यावर किती वर्षांनी हा कवितेत आला?” मी १८७० म्हटलं, वजाबाकी करून सदतीस सांगितलं, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही दुसऱ्या भागातला येव आणि ३९व्या भागातला येव याच दोन झाडांवर बोलत होतो.